पहिले बाळंतपण आणि सरकारी अनुदान : कोणाला, किती आणि केव्हा?

घरातल्या सुनेला पहिल्यांदा दिवस गेल्याचे कळले की सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. पपई खाऊ नको, ग्रहणात बाहेर पडू नको, जड उचलू नको. सांगणारे पुष्कळ असतात. मात्र शेवटच्या पाळीची तारीख लिहून ठेव, बँकेचे खाते तुझ्या स्वतःच्या नावावर आहे का ते पाहा, असे सांगणारे माणूस घरात क्वचितच आढळते. वास्तविक सरकारकडून मिळणारे बाळंतपणाचे पैसे याच दोन गोष्टींवर सर्वात जास्त अडतात. म्हणून या आठवड्यात औषधपाण्याऐवजी पैशांविषयी लिहीत आहोत. अर्थात हे पैसे दूध, डाळ, विश्रांती आणि तपासणी यासाठीच असल्याने विषय आरोग्याचाच आहे.

प्रथम थोडा इतिहास. बाळंतपणात बाईला मजुरी बुडाल्याची भरपाई मिळावी, हा विचार आपल्याकडे नवा नाही. मुंबई प्रांतात १९२९ साली प्रसूती लाभाचा कायदा झाला. त्या विधेयकाला १९२८ मध्ये विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पाठिंबा दिला होता. तो कायदा कारखान्यातल्या कामगार स्त्रियांपुरता होता. शेतात राबणाऱ्या बाईचा विचार व्हायला पुढे बरीच वर्षे जावी लागली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी दारिद्र्यरेषेखालील गर्भवतींसाठी राष्ट्रीय मातृत्व लाभ योजना सुरू झाली. पहिल्या दोन बाळंतपणांना प्रत्येकी ३०० रुपये मिळत. पुढे त्याचे ५०० झाले. २००५ मध्ये ही योजना जननी सुरक्षा योजनेत विलीन झाली. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने गर्भवतीला किमान ६,००० रुपये मिळण्याचा हक्क दिला आणि १ जानेवारी २०१७ पासून प्रधानमंत्री मातृवंदना योजना देशभर लागू झाली. सध्या पहिलटकरणीच्या दृष्टीने हीच मुख्य योजना आहे.

मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात. पूर्वी ते तीन हप्त्यांत मिळत. १ एप्रिल २०२२ पासून नियम बदलले आणि आता दोनच हप्ते आहेत. पहिला हप्ता ३,००० रुपयांचा. त्यासाठी गरोदरपणाची नोंद झालेली हवी आणि शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत किमान एक तपासणी झालेली हवी. दुसरा हप्ता २,००० रुपयांचा. तो बाळाच्या जन्माची नोंद आणि लसीकरणाची पहिली फेरी, म्हणजे साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी, पूर्ण झाल्यावर मिळतो. दुसरे अपत्य मुलगी झाली तर ६,००० रुपये एकरकमी मिळतात. २०११ च्या जनगणनेत आपल्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वात कमी. दुसऱ्या मुलीच्या वेळी हे पैसे का ठेवले आहेत, हे बीडकरांना वेगळे सांगायला नको.

आता पात्रता. अनुसूचित जाती-जमातीच्या महिला, दारिद्र्यरेषेखालील किंवा अन्न सुरक्षेचे रेशनकार्ड असलेल्या, आयुष्मान कार्ड, ई-श्रम कार्ड किंवा रोजगार हमीचे जॉबकार्ड असलेल्या, किसान सन्मान निधी मिळणाऱ्या शेतकरी महिला, ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या महिला आणि ज्यांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांहून कमी आहे अशा महिला पात्र ठरतात. यांपैकी कोणताही एक पुरावा पुरे. अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि आशा यांनाही लाभ आहे. केंद्र-राज्य सरकार किंवा सरकारी उपक्रमात कायम नोकरी करणाऱ्या महिलांना नाही, कारण त्यांना भरपगारी रजा मिळते. थोडक्यात, खेड्यापाड्यातली बहुतेक घरे या योजनेत बसतात. “आमचे पिवळे कार्ड नाही, म्हणून आम्हाला मिळत नाही,” असा समज करून घेऊन अनेक जण अर्जच करीत नाहीत, ते चूक आहे.

वयाची अट मात्र आहे. मातेचे वय १८ वर्षे ७ महिने पूर्ण हवे. आपल्या जिल्ह्यात मुलींची लग्ने किती लवकर होतात हे सर्वांना ठाऊक आहे. अशी अल्पवयीन मुलगी गरोदर असली तर तिला हे पैसे मिळणार नाहीत, पण तपासणी, औषधे आणि बाळंतपण यांना वयाची कोणतीही अट नाही. पोलिसांचे लफडे नको म्हणून मुलीला दवाखान्यात न नेता घरी दडवून ठेवणे हे तिच्या जिवाशी खेळणे होय. कोवळ्या वयात रक्तदाब वाढणे, झटके येणे आणि बाळंतपण अडणे यांचा धोका अधिक असतो.

पाळीच्या तारखेकडे वळू. “पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आली होती” किंवा “पंचमीच्या आसपास” असे नर्सबाईंना सांगितले जाते. पोळा कोणत्या तारखेला होता ते कॅलेंडर पाहून काढता येते, पण ‘आसपास’ची तारीख निघत नाही. मग अंदाजाने एक तारीख लिहिली जाते, सोनोग्राफीत दुसरी येते आणि अर्जात तिसरीच पडते. अर्ज करण्याची मुदतही याच तारखेवर मोजतात : शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ५७० दिवस, म्हणजे ढोबळमानाने बाळ नऊ महिन्यांचे होईपर्यंत. दुसऱ्या मुलीसाठी जन्मापासून २७० दिवस. नव्या सुनेने दर महिन्याला कॅलेंडरवर एक बारीक खूण करण्याची सवय ठेवावी. यात लाजण्यासारखे काही नाही.

बँकेचा प्रश्न याहून किचकट आहे. पैसे मातेच्या स्वतःच्या खात्यातच येतात, नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नाही. शिवाय ‘खाते आधारशी जोडलेले’ याचे दोन अर्थ आहेत आणि घोळ तेथेच होतो. बँकेने आधार क्रमांक नोंदवून घेतला म्हणजे ओळख पटली. पण सरकारी अनुदान कोणत्या खात्यात टाकायचे याची वेगळी नोंद असते आणि ती एका वेळी एकाच खात्याची असते. एखादीने लग्नाआधी माहेरी शिष्यवृत्तीसाठी खाते उघडले, लग्नानंतर सासरच्या गावच्या बँकेत दुसरे उघडले, मध्येच पोस्टाच्या बँकेचे तिसरे निघाले. अर्जाला पासबुक जोडले दुसऱ्याचे आणि पैसे जमा झाले तिसऱ्यात. बाई म्हणते पैसे आले नाहीत, कार्यालय म्हणते पाठवले. दोघेही खरे बोलत असतात! म्हणून बँकेत गेल्यावर “माझे आधार जोडले आहे का?” एवढेच विचारू नये. “सरकारी अनुदान याच खात्यात येईल अशी नोंद आहे का?” असे स्पष्ट विचारावे.

नावाचाही घोळ असतो. आधारवर माहेरचे नाव, रेशनकार्डावर सासरचे, दवाखान्याच्या कार्डावर घरी हाक मारण्याचे. अर्ज आधारवरच्या नावानेच भरावा. आधारवरील नाव बदलायचेच असेल तर ते अर्जाच्या आधी बदलावे, मध्येच बदलू नये. नवऱ्याच्या आधारची सक्ती नव्या नियमांत राहिलेली नाही, हे सोडून दिलेल्या आणि एकट्या राहणाऱ्या भगिनींनी लक्षात ठेवावे.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. समजा, मुलगी धारूर तालुक्यात दिलेली आहे आणि माहेर आष्टी तालुक्यात आहे. नोंदणी व पहिला हप्ता सासरी झाला, सातव्या महिन्यात ओटी भरून ती माहेरी गेली, बाळंत तिकडेच झाली. अशा वेळी माता व बाल संरक्षण कार्ड बरोबर न्यायला विसरू नये. माहेरच्या तपासण्या आणि बाळाच्या लसी त्याच कार्डावर लिहून घ्याव्यात. जन्माची नोंद बाळ जेथे जन्मले तेथल्याच ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत होते, आईवडिलांच्या गावी होत नाही. २१ दिवसांच्या आत नोंद झाली तर शुल्क लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे. तेव्हा दाखल्याच्या दोन-तीन प्रती तेव्हाच घेऊन ठेवाव्यात.

माहेर निदान जिल्ह्यात असते. ऊसतोडीला गेलेल्या बाईचे काय? दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मजुरी ‘कोयत्या’वर, म्हणजे नवरा-बायको मिळून. बाई कामावरून उठली की कोयता मोडतो आणि मुकादमाचा खाडा पडतो. या खाड्याच्या भीतीने बायका काय काय सोसतात, ते २०१९ मध्ये उघड झाले. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. गरोदर बाईची गत निराळी नसते. सातव्या-आठव्या महिन्यातही डोक्यावर मोळी घेऊन गाडीवर चढणे चालू असते.

येथे जरा हिशेब करून पाहू. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ होऊन तो टनाला ३६६ रुपये झाला. एक कोयता दिवसाला दोन टन ऊस तोडतो असे धरले तर बाईच्या वाट्याला ३६६ रुपये येतात. म्हणजे मातृवंदनेचे ५,००० रुपये ही तिची जेमतेम चौदा दिवसांची मजुरी झाली. नोकरदार बाईला कायद्याने २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे आणि हिला चौदा दिवस! तामिळनाडूत डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी योजनेतून रोख आणि पोषण आहाराचे संच मिळून १८,००० रुपयांची मदत दिली जाते. अन्न सुरक्षा कायद्यातील किमान ६,००० ची बेरीज सरकार मातृवंदना आणि जननी सुरक्षा एकत्र धरून करते. ती आपल्याकडे ग्रामीण भागात ५,७०० वरच थांबते आणि तीही सर्वांची नाही. ही रक्कम वाढली पाहिजे असे आमचे स्पष्ट मत आहे. पण आहे ते तरी पदरात पडावे.

म्हणून कोयत्यावर जाणाऱ्या गर्भवतीने गाव सोडण्यापूर्वी नोंदणी, एक तपासणी आणि अर्ज एवढी तीन कामे उरकावीत. पाळी चुकल्यावर बारा आठवड्यांच्या आत नोंदणी केली तर बहुतेकींना हे जमण्यासारखे आहे. संरक्षण कार्ड, आधार आणि पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्यावे, कोपीत ओलाव्याने कागद खराब होतात. कारखाना परिसरातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी व लस मिळण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. “तुम्ही आमच्या गावच्या नाही,” असे म्हणून कोणी परत पाठवू शकत नाही. मातृवंदनेचा पुढचा हप्ताही गाव बदलल्यामुळे बुडत नाही.

इतर योजना थोडक्यात. जननी सुरक्षा योजनेतून आपल्या राज्यात दारिद्र्यरेषेखालील तसेच अनुसूचित जाती-जमातीच्या मातेला दवाखान्यातील बाळंतपणासाठी ग्रामीण भागात ७०० आणि शहरात ६०० रुपये मिळतात. नवरा किंवा बायको यांची बांधकाम कामगार मंडळाकडे चालू नोंदणी असेल तर नैसर्गिक बाळंतपणासाठी १५,००० आणि शस्त्रक्रियेसाठी २०,००० रुपये मिळतात, पहिल्या दोन अपत्यांपर्यंत. मुलगी झाली आणि रेशनकार्ड पिवळे किंवा केशरी असेल तर १ एप्रिल २०२३ पासूनची लेक लाडकी योजना पाहावी. जन्मानंतर ५,००० आणि पुढे टप्प्याटप्प्याने मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत एकूण १ लाख १ हजार रुपये मिळतात. त्यात उत्पन्नाची आणि कुटुंब नियोजनाची अट आहे.

पैशात न दिसणारी, पण सर्वात मोलाची मदत म्हणजे २०११ पासूनचे जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रम. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त आणि तपासण्या, सर्व मोफत. साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझेरियनमध्ये सात दिवस जेवण मोफत. घरून दवाखान्यात नेणारी आणि परत घरी सोडणारी गाडी १०२ क्रमांकावर मिळते. तातडीची वेळ असेल तर १०८. बाहेरून औषधे आणायला सांगितले किंवा कोणी ‘चहापाणी’ मागितले तर वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी तक्रार करावी. खाजगी दवाखान्यात सिझेरियनसाठी जे कर्ज काढावे लागते, त्यापुढे वरचे सारे हप्ते किरकोळ आहेत.

तपासणी म्हणजे केवळ हप्त्यासाठी मारायचा शिक्का नव्हे. रक्तातील हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर रक्तक्षय समजावा. सातच्या खाली गेले तर घरच्या उपायांवर विसंबू नये, दवाखाना गाठावा. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नयेत, लिंबूपाण्याबरोबर घ्याव्यात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची खास तपासणी असते, तो दिवस चुकवू नये. चेहऱ्यावर सूज, सतत डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावरून रक्त जाणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही दिसले तर ९ तारखेची वाट न पाहता लगेच जावे.

हप्ते वेळेवर येतीलच असे नाही. तीन हजार हातात पडल्यावर दूध सुरू करू, असे ठरवू नये. तोपर्यंत अंगणवाडीतून मिळणारा आहार तिचा तिलाच खाऊ द्यावा, घरभर वाटू नये. बाजरीची भाकरी, शेवग्याचा पाला, मेथी, शेंगदाणे-गूळ, जमेल तेव्हा अंडे हे आपल्या आवाक्यातले आहे. अर्ज भरल्यावर आशाताईंकडून अर्जाचा क्रमांक लिहून घ्यावा. दोन महिन्यांत पैसे आले नाहीत तर तो क्रमांक घेऊन आधी बँकेत जावे आणि नंतर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात.