सहा आठवड्यांसाठी विकलेली गाडी

२०२३ च्या उन्हाळ्यात अण्णा न्हाणीघरात घसरले. खुबा मोडला, सांधा बदलावा लागला. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, पहिले सहा आठवडे खुबा नव्वद अंशांपेक्षा जास्त वाकू द्यायचा नाही. बाहेर माझी लाल लॉरा आरएस उभी होती. तिची पुढची सीट खोलगट, दोन्ही कडा उचललेल्या. वळणावर माणसाला धरून ठेवण्यासाठीच तशी बनवलेली. त्या कडेवरून आत सरकताना अण्णांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो अजून कानात आहे. गाडी विकायची हे मी त्याच रात्री ठरवलं. दहा दिवसांत, आलेल्या पहिल्याच भावाला, विकलीसुद्धा.

गाडी २०१२ ची, आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळलेली. १.८ लिटरचं टर्बो इंजिन, १६० अश्वशक्ती, हाताने टाकायचे सहा गिअर. २०१५ मध्ये मी ती जुनी घेतली, स्वतःच्या पगारातून. रविवारी पहाटे दौलताबादच्या अरुंद दरवाजातून निघून घाट चढायचा, खुलताबादवरून म्हैसमाळ गाठायचं आणि सिडकोला जाग येईपर्यंत परतायचं. वाळूजच्या कारखान्यातला अख्खा आठवडा मी त्या दीड-दोन तासांवर काढत असे.

नातेवाइकांना माझा निर्णय फार आवडला. ऑक्टोबर २०१० मध्ये एका दिवसात दीडशे मर्सिडीज घेणाऱ्या या शहरात गाडी ऐसपैस दिसायला हवी असं मानणारे पुष्कळ आहेत. ‘उंच गाडी घे, अण्णांना सोपं जाईल,’ असं प्रत्येकाने सांगितलं. मी पाच वर्षांच्या कर्जावर उंच एसयूव्ही घेतली. शोरूमला एकटीच गेले होते. गाडी दारात आली तेव्हा कळलं, अण्णांचा पाय तेवढा वर उचलतच नाही. शेवटी देवघरातला पाट आणून दाराखाली ठेवला. तो पाट महिनाभर डिकीत होता.

व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी पाट पाहिला आणि जुन्या गाडीची चौकशी केली. मग म्हणाल्या, ‘अहो, सीट पूर्ण मागे सरकवायची, पाठ थोडी कलती करायची, वर एक कडक उशी. आधी पाठमोरं बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. सीटवर प्लास्टिकची पिशवी अंथरली की माणूस सहज वळतो.’ सातव्या आठवड्यात अण्णा शेजाऱ्यांच्या अल्टोत बसून सुपारी हनुमानाला जाऊन आले.

म्हणून सांगते, घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी गाडी बदलत असाल, तर त्या माणसाला शोरूममध्ये न्या आणि चारदा बसवा-उठवा. सीट त्यांच्या बसण्याच्या उंचीला हवी, फार खाली नको तशी फार वरही नको. त्याआधी दोन महिने वही ठेवा. गाडी कुठे अपुरी पडली, किती वेळा, आणि त्या दिवशी टॅक्सीला किती पडले असते, हे लिहा. मी लिहिलं असतं तर दवाखान्याच्या पाच-सहा खेपांपलीकडे नोंद झाली नसती. त्यासाठी मी साठ हप्ते पत्करले.

गाडी विकायला खरी कारणंही असतात, ती मी नाकारत नाही. नियमाने गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. आपल्या कॉलन्यांमधले पाहिले तर ठेंगण्या गाडीचं पोट दर वेळी घासतं. पंधरा वर्षं झाली की फिटनेस तपासणी, नोंदणी नूतनीकरणाचे पाच हजार आणि पर्यावरण कर येतो. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी जुन्या गाड्या बनलेल्या नाहीत. रबरी नळ्या आणि सील मेकॅनिककडून तपासून घ्यावे लागतात. हे सगळं मांडून, शांत डोक्याने विकली असती तर मला इतकं लागलं नसतं.

विकतानाची चूक याहून गंभीर होती. फॉर्म २९ आणि ३० वर मी तारीख न घालता सह्या करून दिल्या. घेणाऱ्याने गाडी नावावर करून घेतलीच नाही. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर चौदा दिवसांत आरटीओला कळवणं हे विकणाऱ्याचं काम आहे. मला ते माहीत नव्हतं. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की नोंदणीवर ज्याचं नाव तोच मालक. गाडी पुढे अनेक हातांतून गेली होती, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली. तेव्हा नाव बदललेलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय व्यवहार संपला असं समजू नका. नो क्लेम बोनसही तुमचा असतो. विमा कंपनीकडून पत्र घेऊन तो नव्या गाडीला लावा.

आणि फास्टॅग त्याच दिवशी बंद करा. हे सांगताना मला जड जातं, कारण मी तो जाणूनबुजून चालू ठेवला होता. गाडी समृद्धी महामार्गावरून उतरली की माझ्या मोबाइलवर पैसे कापल्याचा मेसेज यायचा. किलोमीटरला १.७३ रुपये असा तेव्हाचा दर होता. रक्कम त्याने भागली की ती किती धावली ते कळायचं. मी कारखान्यात कॅल्क्युलेटरवर तो भागाकार करायचे आणि बरं वाटायचं. दोन महिने मी तिच्या प्रवासाचे पैसे भरले. मग माझ्या नावावर अतिवेगाचं चलान आलं, आणि एखादा माणूस तिच्यापुढे आला असता तर, या विचाराने रात्रभर झोप लागली नाही.

सकाळी घेणाऱ्याला फोन लावला, दुपारी आरटीओत अर्ज दिला. संध्याकाळी बँकेला टॅग बंद करायला सांगणार, तेवढ्यात मेसेज आला. सहाशेच्या आसपास कापले होते. मी भागून पाहिलं, साडेतीनशे किलोमीटर. मग बँकेचा नंबर लावला.