वारस दाखला आणि बहिणींचा हिस्सा

मृताच्या संपत्तीतून आधी दफनविधीचा खर्च व कर्ज, नंतर एक तृतीयांशाच्या मर्यादेत वसीयत आणि मग वारसांचे हिस्से, हा शरीअतचा क्रम आपणांस ठाऊक आहे. परंतु बँक पैसे देताना न्यायालयाचा दाखला मागते, आणि घोळ तेथेच होतो.

मुस्लिमाच्या वसीयतीस प्रोबेट सक्तीचे नाही. ठेवी, रोखे व शेअर यांसाठी मात्र १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार, मृत जेथे राहत होता तेथील दिवाणी न्यायालयात उत्तराधिकार प्रमाणपत्राचा अर्ज करावा लागतो. स्थावरासाठी महाराष्ट्रात १८२७ च्या मुंबई विनियमाखाली वारस दाखला मिळतो. अर्जात मृत्यूची तारीख, राहण्याचे ठिकाण आणि सर्व जवळच्या नातलगांची नावे-पत्ते द्यावे लागतात. त्यांना नोटीस जाते. हरकत घेता येते.

सासरी गेलेल्या बहिणींची नावे या यादीतून गाळणे ही कायद्याची फसवणूक आहेच, शिवाय अल्लाहने नेमून दिलेला हक्क (सूरह अन्-निसा : ११) हिरावणे आहे.

प्रमाणपत्र वा नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. बँकेतील नामनिर्देशित व्यक्ती केवळ पैसे स्वीकारते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले आहे. समजा, पत्नी, एक मुलगा व दोन मुली असून ८ लाख रुपये उरले. पत्नीस १ लाख, मुलास साडेतीन लाख, प्रत्येक मुलीस पावणेदोन लाख. मग पैसे कोणाच्याही खात्यात येवोत. पत्नीचा महर द्यायचा राहिला असेल तर ते कर्ज आहे. तो वाटणीपूर्वी वेगळा द्यावा.