पुस्तक मिटा, मग आठवा!



परीक्षेच्या आदल्या रात्री तुम्ही धडा पाच वेळा वाचता. वाचताना सगळे ओळखीचे वाटते. पण दुसऱ्या दिवशी प्रश्नपत्रिका हाती पडते आणि काही केल्या उत्तर आठवत नाही. मग 'माझी स्मरणशक्तीच कमी' असे म्हणून काहीजण अभ्यासाचा नादच सोडतात. दोष बहुधा स्मरणशक्तीचा नसतो. तो अभ्यासाच्या रीतीचा असतो.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने अर्थहीन अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. विसरलेली यादी पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात, हे त्याने मोजले. एका तासानंतर ४४ टक्के, एका दिवसानंतर ३४ टक्के, तर ३१ दिवसांनंतर २१ टक्के श्रम वाचले. म्हणजे विसरणे सुरुवातीला झपाट्याने होते, पुढे मंदावते. म्हणून पहिली उजळणी लवकर हवी.

पण उजळणी म्हणजे पुन्हा वाचणे नव्हे. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी संशोधकांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. दुसरा त्यांनी एकदा वाचला व नंतर न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी दोनदा वाचलेला उतारा पुढे होता : ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने मात्र चित्र उलटले. दोनदा वाचलेला उतारा ४२ टक्के आठवला, तर आठवून लिहिलेला ५६ टक्के!

असे का व्हावे? शेतातली पाऊलवाट चालल्याने रुळते, नुसती पाहिल्याने नाही. तसेच आठवण्याचेही आहे. आपल्या जुन्या घरांतून दिवेलागणीला मुले परवचा म्हणत. रोज, पुस्तकाशिवाय आणि मोठ्याने! पाढे पक्के होण्याचे रहस्य तेच.

आता तीन युक्त्या पाहा.

१. मिटा, लिहा, ताडून पाहा. एक परिच्छेद वाचून पुस्तक मिटा. आठवेल ते लिहा. मग पुस्तक उघडून राहिलेले मुद्दे भरा. हीच कृती दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा करा.

२. 'का' विचारा. तापीच्या उपनद्यांची यादी घोकणे कंटाळवाणे आहे. पण नंदुरबार जिल्ह्यातल्या म्हसावदला उभे राहून उत्तरेकडे पाहा. समोर सातपुडा दिसतो. तिकडून दक्षिणेला उतरणाऱ्या नद्या पश्चिमवाहिनी तापीला उजव्या तीरावरच मिळणार : अनेर, अरुणावती, गोमाई. दक्षिणेकडून येणाऱ्या गिरणा, बोरी, पांझरा, बुराई या डाव्या तीरावर. आता यादी उरली नाही, नकाशा झाला!

३. घरच्या बोलीत सांगा. तुमच्या घरी भिली, पावरी किंवा अहिराणी बोलत असतील, तर आज शिकलेला भाग त्याच बोलीत धाकट्या भावंडाला समजावून सांगा. जेथे अडखळाल, तेथे तुम्हालाच तो समजलेला नाही, असे समजा. मग तोच मुद्दा पुस्तकातल्या मराठीत लिहून काढा, कारण परीक्षेत तसाच लिहायचा आहे.

आणखी एक गोष्ट. शिकलेले मेंदूत पक्के होण्यास झोपेची मदत होते. रात्रभर जागून केलेला अभ्यास म्हणूनच महाग पडतो.

हे खरे कशावरून? करूनच पाहा. सारख्याच अवघड वाटणारे दोन छोटे उतारे, अ आणि आ, निवडा. अर्ध्या वर्गाने 'अ' चार वेळा वाचावा. 'आ' एकदा वाचून तीन वेळा न पाहता लिहावा व प्रत्येक वेळी ताडून पाहावा. उरलेल्या अर्ध्या वर्गाने उतारे उलट घ्यावेत. दोन्हींना वेळ सारखाच द्या. सात दिवसांनी पुस्तक न उघडता दोन्ही उतारे लिहा आणि मुद्दे मोजा.

शिक्षकांनाही एक विनंती : तासाची पहिली पाच मिनिटे कालच्या धड्यावरच्या तीन प्रश्नांना द्या. मात्र गुण देऊ नका. ही परीक्षा नव्हे, हीच उजळणी आहे.

आणि आता हे पान झाका पाहू! तीन युक्त्या कोणत्या?