मोगऱ्याची छाटणी

घरापुढें हातभर जागा असली कीं तींत एखादें सुवासिक फुलझाड असावें, ही हौस आपल्या लोकांत फार जुनी आहे. आणि अशा झाडांत मोगऱ्याचा मान पहिला. परंतु "आमच्या मोगऱ्याला पानेंच फार, फुलें मात्र नाहींत," ही तक्रार आम्ही पुष्कळ पालकांच्या तोंडून ऐकतों.

शाळेच्या बागेंत आम्हांसहि हाच अनुभव आला. एका मोगऱ्यास आम्हीं बारा महिने पाणी घातलें व त्याची एक फांदीहि कोणास तोडूं दिली नाहीं. झाड उंच वाढलें; पण दोन उन्हाळे गेले तरी ओंजळभर फुलें मिळालीं नाहींत. शेवटीं तें उपटण्याचें ठरलें. कुदळ घेऊन आलेल्या वृद्ध माळ्यानें मात्र तें न उपटतां गुडघ्याइतकें छाटून टाकिलें. मुलें हळहळलीं, पण चैत्रांत त्याच बुंध्यावर कळ्यांचे झुपके आले.

याचें कारण असें. मोगऱ्याला फूल येतें तें नव्या फुटीवर. थंडींत पाणी तोडलें म्हणजे झाडाची वाढ थांबून तें विसावा घेतें. नंतर छाटणी केली कीं जोमदार धुमारे फुटतात, व त्यांच्या शेंड्यांस कळ्या धरतात.

मोगऱ्यास सहसा बी धरत नाहीं. म्हणून पावसाळ्याच्या आरंभीं फांदी मातींत दाबून कलम करावें, किंवा वीतभर काड्या लावाव्या. खड्डा दीड फूट लांब, रुंद व खोल घेऊन त्यांत शेणखत व चांगली माती भरावी. दोन झाडांत 4 फूट अंतर ठेवावें. जागा भरपूर उन्हाची व पाण्याचा निचरा होणारी असावी. सावलींत नुसतीं पानें वाढतात. पुढें झाड मोठें झाल्यावर दर वर्षीं डिसेंबरांत पाणी तोडावें. जानेवारींत सर्व फांद्या जमिनीपासून दीड फुटावर धारदार कात्रीनें छाटाव्या; वाळक्या फांद्या समूळ काढाव्या. मग माती हलकेच खणून कुजलेलें शेणखत घालावें व पाणी सुरू करावें. मार्चपासून पाऊस लागेपर्यंत फुलें मिळतात. टपोरी पांढरी कळी दिवसा खुडून ठेविली तरी ती संध्याकाळीं घरांत उमलते.

मात्र हें वेळापत्रक सर्व झाडांस लावूं नये. कुंदाला थंडींत फुलें येतात. त्यास बहराच्या आधीं छाटलें तर बहर हातचा जातो. म्हणून प्रथम झाडाचा ऋतु ओळखावा, मग कात्री हातीं घ्यावी.

शुभवर्तमानांतील माळी फळ देणारी फांदीहि छाटतो, ती अधिक फळ द्यावी म्हणून. हा दाखला आम्हीं मुलांना वर्गांत अनेकदां शिकविला होता. पण त्याचा अर्थ आम्हांस स्वतःला कळला तो त्या मोगऱ्यापाशीं. नुसते लाड म्हणजे संगोपन नव्हे. विद्यार्थिमित्रहो, येत्या जानेवारींत आपल्या दारच्या मोगऱ्यावर कात्री चालवितांना हात कचरूं देऊं नका.