यादीला कुलूप कुठे लावायचे?



या अंकातला पाठ संगणकावरच्या अहवालाबद्दल आहे. पण त्याची सुरुवात पारध्यांच्या पालावर होते.

शिरूर आणि दौंड तालुक्यांत उसाच्या बांधाला, गायरानाच्या कडेला पारधी कुटुंबांच्या वस्त्या आहेत. नवा कार्यकर्ता तिथे वही उघडून नावे लिहू लागला की वयस्कर माणसे गप्प होतात. "लिहून काय करणार?" असे विचारतात. सुरुवातीच्या काळात मला याचे वाईट वाटे. आम्ही मदतीला आलो आहोत आणि ही माणसे आम्हालाच संशयाने का पाहतात, असे मनात येई. पुढे इतिहास वाचला आणि उत्तर मिळाले.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ मध्ये नवा कायदा करून तो देशभर कुठेही लागू करण्याची सोय झाली. विशिष्ट जमातीत जन्म झाला, एवढ्यावरून माणसाचे नाव सरकारी नोंदवहीत जाऊ शके. बोटांचे ठसे घेतले जात, हजेरी द्यावी लागे, परवानगीशिवाय मुक्काम हलवता येत नसे. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, पण वहीची भीती घराघरांत उरली. आपण हेही विसरू नये की त्या काळी अशा जमातींच्या काही वसाहती मुक्तिफौजेसारख्या ख्रिस्ती संस्थांनी चालवल्या. हेतू सुधारणेचा होता, तरी चौकट त्याच कायद्याची होती. हेतू चांगला असला म्हणून यादी निर्धोक होत नाही.

आज आपल्याकडेही यादी आहे. कोणाला जातीचा दाखला मिळाला, कोणाचे रेशन कार्ड अडले, कोणते मूल शाळेतून गळाले, कोणाला क्षयाचे औषध चालू आहे, कोणत्या बहिणीला घरी मारहाण होते, हे सगळे आपण लिहून ठेवतो. पूर्वी ही वही कार्यालयाच्या लोखंडी कपाटात असे आणि किल्ली एकाच ताईकडे असे. आता तीच माहिती संगणकात आहे. पॉवर बीआयसारख्या साधनातून तिचे आलेख तयार होतात आणि ते फोनवरही दिसतात. सोय मोठी झाली, पण किल्ल्या किती जणांकडे गेल्या, हे मोजायचे आमच्याकडून राहिले.

आमच्याकडून झालेली चूक सांगतो. समितीच्या सभासदांना आम्ही एक अहवाल उघडून दिला. त्यात फक्त आकडे होते, नावांचे पान आम्ही लपवले होते. एका सभासदाने "दौंड, शाळा सोडलेल्या मुली" या खांबावर क्लिक केले, पुढचा पर्याय निवडला आणि ते लपवलेले पान उघडले. मुलीचे नाव, वस्ती आणि शाळा सोडण्याचे कारण, सगळे समोर आले. त्यांनी लगेच फोन केला, "या मुलीचा खर्च मी करतो, मला तिच्या घरी न्या." माणूस भला होता. पण त्या कारणाच्या रकान्यात जे लिहिले होते, ते मुलीच्या आईने एका कार्यकर्तीला विश्वासाने सांगितले होते. ते वस्तीत फुटले असते, तर त्या मायलेकींना तोंड दाखवायला जागा उरली नसती. आम्ही त्या आईला भेटून झालेले सांगितले आणि क्षमा मागितली.

त्या दिवशी धडा मिळाला. लपवणे म्हणजे कुलूप लावणे नव्हे. पान लपवले, रकाना दिसेनासा केला, तरी माहिती अहवालाच्या मागे तशीच असते. पडद्यामागे ठेवलेली पेटी कोणीही उघडू शकतो. कुलूप पेटीलाच हवे.

संगणकात हे कुलूप माहितीच्या प्रत्येक ओळीला लावता येते. रीत अशी. आधी भूमिका ठरवायच्या, उदाहरणार्थ "शिरूर कार्यकर्ता" आणि "दौंड कार्यकर्ता". प्रत्येक भूमिकेला नियम द्यायचा, की तालुक्याच्या रकान्यात "दौंड" असेल त्याच ओळी या भूमिकेला मिळतील. मग कोणती व्यक्ती कोणत्या भूमिकेत, ते तिच्या ईमेलवरून नेमायचे. आता दौंडच्या ताईंनी तोच अहवाल उघडला, तरी शिरूरची ओळ त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. शेवटी "या भूमिकेतून पाहा" हा पर्याय वापरून आपणच तपासून घ्यायचे.

तरीही काही वाटा उघड्या राहतात. त्या आम्ही एकेक करून बंद केल्या:

१. पॉवर बीआयमध्ये ओळींचे हे कुलूप फक्त पाहण्याचा अधिकार असलेल्यांना लागू होते. ज्यांना अहवाल बदलण्याचा अधिकार दिला आहे, त्यांना सगळेच दिसते. म्हणून असा अधिकार कामापुरत्या एकदोघांनाच द्यावा.

२. मूळ माहिती एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये असेल आणि तिची लिंक सर्वांना खुली असेल, तर अहवालाचे कुलूप व्यर्थ आहे. पुढचे दार लावून मागचे उघडे ठेवल्यासारखे ते होते.

३. अहवाल "वेबवर प्रकाशित" केला, तर तो लॉगिनशिवाय कोणालाही दिसतो. कुटुंबांची माहिती असलेल्या अहवालासाठी हा पर्याय कधीच वापरू नये.

४. समिती आणि देणगीदार यांच्यासाठी वेगळी फाइल करावी. तिच्यात नावे, आधार क्रमांक, आजार यांचे रकाने मुळात असूच नयेत.

५. लहान आकडाही नाव सांगतो. "अमुक वस्ती, क्षयरोगी १" असे लिहिले, की तो कोण हे त्या वस्तीत सर्वांना कळते. अशा वेळी वस्तीऐवजी तालुक्याचा आकडा द्यावा.

६. एकच पासवर्ड चौघांत वापरू नये. काम सोडून गेलेल्याचा प्रवेश त्याच दिवशी काढावा.

७. पडद्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला, तर त्याला कोणतेच तांत्रिक कुलूप लागत नाही. तिथे आपली जीभ आणि आपला हात यांनाच आवर घालावा लागतो.

कायदाही याच दिशेने गेला आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात १८ वर्षांखालील मुलाच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे, आणि माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंडाच्या भीतीने नव्हे, तर त्या आईच्या विश्वासासाठी आपण हे करावे.

आपण मंडळीतले लोक यात काय करू शकतो? पाळकाला सांगितलेली गोष्ट मंडळीभर फिरू नये, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. तोच नियम इथे लावावा. देणगी देताना मुलाचे नाव आणि फोटो मागू नये. किती मुले शाळेत टिकली, पैसा कुठे खर्च झाला, हे जरूर विचारावे, तो आपला हक्क आहे. प्रार्थनासभेत विनंती मांडताना "दौंडकडची एक बहीण" एवढे पुरे. उत्तम मेंढपाळ तिला नावाने ओळखतो. ते नाव सभेत घेतलेच पाहिजे असे नाही.

आता आमचे कार्यकर्ते वही उघडण्याआधी तीन गोष्टी सांगतात: आम्ही काय लिहितो, ते कोण पाहील, आणि नको असेल तर तुम्ही नाही म्हणू शकता. "लिहून काय करणार?" हा प्रश्न अजूनही येतो. फरक इतकाच, की आता त्याचे उत्तर आमच्याकडे आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत कोणकोणत्या याद्या आहेत? त्या कोण पाहू शकतो, आणि त्यातल्या कोणाला खरेच गरज आहे?

२. आपल्या फोनमध्ये दुसऱ्याच्या दुःखाचा एखादा फोटो किंवा यादी पडून आहे का? ती आज काढून टाकता येईल का?

३. ज्याच्याबद्दल लिहिले आहे, त्याला आपण ती ओळ वाचून दाखवू शकू का?