रक्त आलं म्हणून थांबू नका

ब्रिटनमध्ये दातांच्या तपासणीत डेंटिस्ट हिरडीच्या कडेनं एक बारीक सळई फिरवतात आणि नर्सला आकडे सांगत जातात. ही ‘बीपीई’ तपासणी. तोंडाचे सहा भाग करून प्रत्येकाला ० ते ४ पैकी एक आकडा देतात. ० म्हणजे निरोगी हिरडी, १ म्हणजे सळई लागताच रक्त, २ म्हणजे किटण. ३ म्हणजे दात आणि हिरडी यांच्यामध्ये साडेतीन मिलिमीटरपेक्षा खोल खाच आणि ४ म्हणजे साडेपाचच्या पुढे. माझ्या मागच्या दाढांना दोन्हीकडे ३ मिळाले. पुढच्या वेळी तुलना करता यावी म्हणून तुम्हीही आपले आकडे विचारून घ्या.

मला दुखत काहीच नव्हतं. दात रोज दोनदा घासत होतो. अधूनमधून थुंकी गुलाबी दिसायची, एवढंच. सांगलीहून आईनं फोनवर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुचवल्या, त्यानं बरंही वाटे. दातांच्या फटीत फिरवायचा दोरा, म्हणजे फ्लॉस, वापरला की रक्त जास्त यायचं. त्यात एका मित्रानं २०१६ सालची बातमी दाखवली, की फ्लॉसचा फायदा भक्कमपणे सिद्ध झालेला नाही. झालं, फ्लॉसची डबी कपाटात गेली.

आत काय चाललं होतं ते नंतर कळलं. एकमेकांना टेकलेल्या दोन दातांच्या मधल्या बाजूंपर्यंत ब्रशचे केस पोचत नाहीत. तिथे जंतूंचा चिकट थर साचतो, लाळेतल्या क्षारांनी त्याचं किटण होतं, हिरडी सुजते. त्या सुजेचं रक्त दोरा लागला की दिसतं. गुळण्यांनी हा थर निघत नाही. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लोए यांनी निरोगी माणसांना दात घासणं थांबवायला लावलं. तीनेक आठवड्यांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि सफाई पुन्हा सुरू होताच सूज उतरली. पण दुखणं हिरडीखालच्या हाडापर्यंत गेलं, तर झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही. सफाई करून घेतल्यावर माझं रक्त थांबलं, बऱ्याच खाचा उथळ झाल्या. एका दाढेची खाच मात्र राहिली आहे.

मग ती बातमी खोटी होती का? नाही. कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासते. तिच्या २०१९ च्या आढाव्यात ३५ चाचण्या आणि सुमारे ३,९०० माणसं होती. नुसत्या ब्रशपेक्षा जोडीला फ्लॉस असेल तर हिरड्यांची सूज कमी होऊ शकते आणि फटीत घालायचे छोटे ब्रश त्याहूनही सरस ठरू शकतात, असं त्यात निघालं. मात्र पुरावा कच्चा आहे हेही तिथेच नमूद आहे. बहुतेक चाचण्या थोड्या दिवसांच्या होत्या आणि हाडाची झीज तर व्हायलाच वर्षं लागतात. त्यामुळे ‘सिद्ध झालं नाही’ याचा अर्थ ‘उपयोग नाही’ असा घेऊ नका.

आता कामाचं बोलतो. जिथे छोटा ब्रश शिरतो तिथे तोच वापरा, जिथे शिरत नाही तिथे फ्लॉस. टेपेसारख्या कंपन्यांचे ब्रश रंगांनुसार वेगवेगळ्या जाडीचे मिळतात आणि एकाच तोंडाला दोन-तीन मापं लागतात. ती हायजिनिस्टकडून, म्हणजे दात-हिरड्यांची सफाई करणाऱ्या तज्ज्ञाकडून, ठरवून घ्या. ब्रश नीट बसावा, पण जोर लावावा लागू नये. फ्लॉस करवतीसारखा ओढू नका. दाताला कवेत घेऊन अलगद हिरडीखाली न्या आणि वर-खाली करा. हे दिवसातून एकदा, दात घासण्याआधी करा. पेस्ट थुंकून टाका, लगेच चूळ भरू नका. सुरुवातीला रक्त येईल, तरी चालू ठेवा. सहसा आठवड्या-दोन आठवड्यांत ते कमी होतं. नाही झालं तर डेंटिस्टला दाखवा.

‘दात साफ करून घेतले की हलतात’ हे आपल्याकडचं भय इथेही आपल्यासोबत येतं. किटण निघून सूज उतरली की आधीच पडलेल्या फटी उघड्या दिसतात. त्या सफाईनं पडलेल्या नसतात.

इंग्लंडमध्ये एनएचएसचा, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचा, डेंटिस्ट मिळणं कठीण आहे, हे खरं. एप्रिल २०२५ मध्ये तपासणीचा दर २७.४० पौंड होता आणि गरज असेल तर साधी सफाई त्यातच येते. स्कॉटलंडमध्ये एनएचएसची तपासणी मोफत आहे. खासगी हायजिनिस्टकडे २०१३ पासून डेंटिस्टच्या चिठ्ठीशिवायही जाता येतं.

मधुमेह असेल तर हिरड्यांच्या आजाराचा धोका वाढतो, तेव्हा तपासणी चुकवू नका. आणि सिगारेट ओढणाऱ्यांनी ‘मला कुठे रक्त येतं?’ म्हणून निर्धास्त राहू नये. धूम्रपानानं हिरडीचं रक्त दबतं आणि हाड मात्र झिजत राहतं. त्यांनी रक्ताची वाट न बघताच तपासणीला जावं.