बिल्टीपासून बटणापर्यंत

१. सामायिक कंपोनंट लायब्ररी म्हणजे कोडचं काम, असं मला वाटायचं. निम्म्याहून जास्त काम बोलण्याचं निघालं. नागपूरजवळ वाडीत अमरावती रोडला ट्रान्सपोर्टची ऑफिसं आणि गोदामं आहेत. आम्ही त्यांच्यासाठी बुकिंग, बिल्टी (म्हणजे मालाची पावती), भाड्याचा हिशेब अशी अ‍ॅप्स लिहितो. प्रत्येक अ‍ॅपमध्ये बटण वेगळं, तारखेचा रकाना वेगळा. ते एका जागी आणताना ‘बिल्टी रद्द करा’ लाल असावं की राखाडी, यावर आम्ही एक अख्खी दुपार घालवली. ती दुपार सार्थकी लागली, कारण त्यानंतर तो वाद कुठल्याच अ‍ॅपमध्ये पुन्हा निघाला नाही.

२. मराठी मजकुरावर तपासलं नाही, तर कंपोनंट तयार झालाच नाही असं मी आता धरतो. ‘सेव्ह’ हा शब्द कुठल्याही बटणात मावतो. ‘पूर्ण करा’ लिहून बघा: खाली दीर्घ ऊकार, वर रफार. ओळीची उंची इंग्रजीच्या मापाने बेतलेली असली की दोन्हीकडून अक्षर कापलं जातं. अक्षरमर्यादेचंही तसंच. ‘लक्ष्मी’ डोळ्याला दोन अक्षरं, पण संगणक मोजतो सात. त्यामुळे पेढीचं नाव मध्येच तुटतं. पानाची भाषा मराठी आहे हे ब्राउझरला सांगितलं, तर तशी सोय असलेल्या फॉन्टमध्ये ल आणि श मराठी वळणाचे दिसतात. एका ओळीचं काम आहे. लायब्ररीत एकदा केलं की सगळ्या अ‍ॅप्सना मिळतं, आणि मला तर एवढ्यासाठीसुद्धा लायब्ररी करावीशी वाटली असती.

३. कंपोनंटला कमी माहिती असलेली बरी. ई-वे बिलाची मुदत संपत आली की दिसणारी पट्टी आमच्याकडे सगळीकडे लागते. साध्या मालाला आधी १०० किलोमीटरला एक दिवस मिळायचा, १ जानेवारी २०२१ पासून २०० किलोमीटरला एक दिवस झाला. असा नियम पट्टीच्या पोटात ठेवू नये, हे माझं ठाम मत आहे. हिशेब बाहेर व्हावा. पट्टीला फक्त तारीख द्यावी. तिने मात्र नुसता रंग बदलून थांबू नये, ‘आज रात्री संपते’ असं शब्दांत सांगावं. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी माणसंही बिल्ट्या फाडतात.

४. मागेल त्याला पर्याय देऊ नये. बटणाला वीस पर्याय झाले की प्रत्येकजण पुन्हा आपापलं बटण करतो. दोन अ‍ॅप्सना खरोखर लागलेली गोष्टच आम्ही आत घेतो.

५. अपडेट काढणं सोपं, दुसऱ्याने ते घेणं अवघड. बिलिंगवाल्या टीमला महिनाअखेरीस हात लावायचा नसतो, आणि त्यांचं बरोबर आहे. म्हणून जुना रकाना लगेच मोडत नाही. आधी इशारा देतो, नव्या उदाहरणासोबत आवृत्तीचा पहिला आकडा बदलतो, मग वाट बघतो.

६. मोबाइलवरचा तक्ता अजून सुटलेला नाही. बिल्टीची पूर्ण ओळ त्या पडद्यावर बसत नाही. गाडी नंबर, माल घेणारा आणि भाडं वर ठेवून बाकीचं टॅप केल्यावर दाखवावं, असं मला वाटतं. हिशेब बघणाऱ्या भाऊंना मात्र वजन आणि नग भाड्याशेजारीच हवेत, कारण ताळा ते तिथेच बघतात. दोन्ही मांडण्या करून गोदामातल्या माणसांच्या हातात द्यायचं ठरलंय.